जुनी सी लायब्ररी नव्या कंपायलरवर बिल्ड होईना, तर काय काय बघायचं

सांगली-मिरज, कराड, सातारा इकडच्या कॉलेजातली पोरं हल्ली प्रोजेक्टला खरीखुरी कामं घेतात, कुणी दूध डेअरीचं, कुणी कारखान्याच्या वजनकाट्याचं, कुणी मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचं, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यात एक प्रश्न हमखास येतो. कोडची एक ओळ बदललेली नाही, दुकानातल्या पीसीवर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) होतंय आणि माझ्या लॅपटॉपवर एररची रांग लागतीय, हे कसं काय? मग कुठूनतरी दोन-चार फ्लॅग (कंपायलरला द्यायच्या सूचना) सापडतात, ते मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, चिकटवले की एरर गायब, आणि खरी गडबड पुढे दुकानात वजन चुकल्यावर कळते. तसं होऊ नये म्हणून हे सगळं नीट, क्रमाने लिहितोय. पहिल्यांदाच असलं काम करताय असं धरून लिहिलंय.

एक सांगतो, कमांड आणि फ्लॅग मी इथे फोनवर एकमेकांना सांगतो तसे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरात करायचे. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे धागा सुटणार नाही. समजा लायब्ररीचं नाव लिबकाटा. हळदीच्या अडत दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्याच्यावरचं वजन सिरीयल केबलने वाचायचं आणि बिलिंगच्या प्रोग्रॅमला द्यायचं, एवढंच तिचं काम. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली, त्यात काटा.सी, सिरीयल.सी, काटा.एच आणि एक मेकफाइल. दुकानातल्या पीसीवर उबुंटू २०.०४, तुमच्या लॅपटॉपवर फेडोरा ४२. म्हणजे तिकडे जीसीसी ९ आणि इकडे जीसीसी १५ (जीसीसी म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा सी कंपायलर), सहा मोठ्या व्हर्जनचा फरक.

आधी नक्की कोण कंपाइल करतंय ते बघा

दोन्ही मशीनवर ‘जीसीसी --व्हर्जन’ मारा आणि उत्तर कुठेतरी लिहून ठेवा. मग ‘सीसी --व्हर्जन’ पण मारा, कारण मेकफाइलमध्ये सीसी (मोठ्या अक्षरात) हे व्हेरिएबल सेट केलेलं नसेल तर मेक जीसीसीला नाही, सीसी (लहान अक्षरात) नावाच्या कमांडला हाक मारतं, आणि ती कुठे जोडलीय हे मशीनवर अवलंबून असतं. मॅक असेल तर तिथे जीसीसी टाइप केलं तरी मागे क्लँग हा दुसराच कंपायलर चालतो, त्यामुळे मॅकवाल्या मित्राला “माझ्याकडे पण जीसीसीच आहे” असं वाटत असलं तरी एरर वेगळ्या येणारच.

फ्लॅग कुठले जातायत ते पण डोळ्यांनी बघा. ऑटोटूल्स आणि सीमेक ही मेकफाइल बनवून देणारी साधनं. ऑटोटूल्सचा प्रोजेक्ट असेल तर बहुतेक वेळा ‘मेक व्ही=१’, सीमेकचा असेल तर ‘मेक व्हर्बोज=१’, व्ही आणि व्हर्बोज मोठ्या अक्षरात. मग प्रत्येक फाइलसाठी चाललेली पूर्ण कमांड दिसते. त्यात -एसटीडी= असं काही आहे का हे सगळ्यात आधी शोधा, कारण अर्ध्या भानगडींचं मूळ तिथे असतं.

-एसटीडी दिलेलं नसेल तर कंपायलर स्वतःच्या मनाने सी भाषेची एक आवृत्ती धरतो आणि ती व्हर्जनप्रमाणे बदलत गेलीय. जीसीसी ५ च्या आधी, म्हणजे २०१५ पर्यंत, डिफॉल्ट होतं जीएनयू८९ (म्हणजे सी८९ आणि वर जीएनयूच्या काही जादा सोयी). जीसीसी ५ पासून जीएनयू११ झालं, जीसीसी ८ पासून जीएनयू१७, आणि २०२५ ला आलेल्या जीसीसी १५ पासून जीएनयू२३. म्हणजे तुमची मेकफाइल गप्प असेल तर तोच कोड दुकानात सी१७ म्हणून वाचला जातोय आणि तुमच्याकडे सी२३ म्हणून. खात्री करायची असेल तर ‘इको | जीसीसी -डीएम -ई - | ग्रेप एसटीडीसी_व्हर्जन’ मारा (डी लहान, एम आणि ई मोठे, ग्रेपमधला शब्दही मोठ्या अक्षरात), उत्तरात २०१७१० दिसलं तर सी१७, २०२३११ दिसलं तर सी२३.

मागचं सगळं पुसून पुन्हा बिल्ड करा

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. ‘मेक क्लीन’, आणि ऑटोटूल्स असेल तर ‘मेक डिस्टक्लीन’. सीमेक असेल तर बिल्ड फोल्डर सरळ उडवा, कारण सीमेककॅश.टीएक्सटी नावाच्या फाइलमध्ये आधीच्या कंपायलरचा पाथ साठवलेला असतो आणि तुम्ही कंपायलर बदलला तरी सीमेक जुनाच धरून बसतं. पेनड्राइव्हवरून दुकानातलं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून आणलं असेल तर त्यात जुन्या कंपायलरने कंपाइल केलेल्या .ओ फाइली पण आलेल्या असतात, मेकला वाटतं हे झालेलंच आहे आणि अर्धी लायब्ररी जुन्या कंपायलरची, अर्धी नव्याची अशी बनते. त्यातून येणाऱ्या एररना काही अर्थच नसतो, आणि माणूस त्याच्या मागे संध्याकाळ घालवतो.

पहिली एरर वाचा, फक्त पहिली

‘एलसी_ऑल=सी मेक -जे१ २>&१ | टी बिल्ड.लॉग’ अशी कमांड द्या, एलसी_ऑल आणि सी मोठ्या अक्षरात. -जे१ मुळे एका वेळी एकच फाइल कंपाइल होते म्हणून मेसेज एकमेकांत मिसळत नाहीत, एलसी_ऑलमुळे मेसेज इंग्रजीत येतात म्हणजे शोधायला सोपे, आणि टीमुळे सगळं फाइलमध्ये पण राहतं. मग बिल्ड.लॉग उघडून वरून खाली येत पहिला ‘एरर:’ शोधा. शेवटची ओळ बघून काही कळत नाही, तिथे फक्त मेक हरलं एवढंच लिहिलेलं असतं. एका हेडरमधली एक चूक खालच्या पन्नास एरर जन्माला घालते, पहिली सोडवली की बाकीच्या बऱ्याचदा आपोआप जातात.

ती एरर कुठून आली ते ओळखा: कंपाइल होताना का, लिंक होताना (कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडताना) का, का सगळं बिल्ड होऊन प्रोग्रॅम चालवताना. फाइलचं नाव आणि ओळ नंबर असेल तर कंपाइलची. ‘एलडी’ किंवा ‘कलेक्ट२’ असं काही दिसत असेल तर लिंकरची. पुढचं सगळं यावर ठरतं.

आणि एक झटपट टेस्ट. नवीन मशीनवर -एसटीडी=जीएनयू१७ लावून पुन्हा बिल्ड करा. एरर गेली तर सी२३ चा मामला आहे. नाही गेली तर कंपायलर कडक झालाय किंवा मशीनवरची सी लायब्ररीच बदललीय. ही फक्त टेस्ट आहे, इथेच थांबायचं नाही.

सी२३ मुळे येणाऱ्या एरर

जुन्या कोडमध्ये ‘टाइपडेफ इंट बूल;’ किंवा इनम करून ‘फॉल्स, ट्रू’ स्वतःच बनवलेले असतात, कारण तेव्हा तीच पद्धत होती. सी२३ मध्ये बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचेच कीवर्ड झाले, त्यामुळे त्या नावाचा टाइपडेफ चालत नाही. लगेच सुचणारं उत्तर म्हणजे ते टाइपडेफ काढून एसटीडीबूल.एच घालायचं. फाइल लायब्ररीच्या आतली असेल तर खुशाल करा. पण तो टाइपडेफ काटा.एच मध्ये असेल, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम जे हेडर वापरतात त्यात, तर थांबा आणि पुढचं नीट वाचा.

लिबकाटामध्ये एक स्ट्रक्ट आहे असं धरा, त्यात ओळीने तीन गोष्टी: बूल स्थिर, बूल टेअर (रिकाम्या भांड्याचं वजन वजा केलंय का), इंट ग्रॅम. बूल म्हणजे इंट असताना प्रत्येक बूल चार बाइटचा, म्हणून ग्रॅम सुरू होतो आठव्या बाइटपासून आणि स्ट्रक्ट बारा बाइटचं. खरा बूल आपल्या लिनक्स मशीनवर एका बाइटचा. मग ग्रॅम येतो चौथ्या बाइटपासून आणि स्ट्रक्ट आठ बाइटचं होतं. आता बिलिंगचा प्रोग्रॅम नव्या हेडरने कंपाइल केला आणि दुकानात लायब्ररीची जुनीच .एसओ फाइल (बिल्ड होऊन तयार झालेली लायब्ररी) राहिली तर? कंपाइल होतं, लिंक होतं, चालतं, एकही वॉर्निंग नाही. प्रोग्रॅम चौथ्या बाइटवर वजन शोधतो आणि तिथे जुन्या लायब्ररीने टेअरचा झेंडा ठेवलेला असतो. टेअर लावलेला नसेल तर वजन शून्य, लावलेला असेल तर एक ग्रॅम. शून्य आलं तर निदान दिसतं तरी, पण स्ट्रक्टची मांडणी थोडी वेगळी असती तर पोत्याचं वजन खरं वाटेल असं चुकलं असतं, आणि त्यावरून शेतकऱ्याची पट्टी बनते. म्हणून मी हे एवढं लांबवून सांगतोय. बाहेर दिसणाऱ्या हेडरमध्ये बूलच्या जागी सरळ इंट लिहा, आकार बदलत नाही आणि सगळ्या व्हर्जनवर चालतं. बदल करायचाच असेल तर लायब्ररी आणि तिला वापरणारे सगळे प्रोग्रॅम एकत्र पुन्हा बिल्ड करा आणि .एसओच्या नावातला नंबर वाढवा, म्हणजे जुनं-नवं चुकून एकत्र येणारच नाही.

सी२३ मधली दुसरी गोष्ट रिकाम्या कंसाची. पूर्वी ‘इंट वाचा()’ असं डिक्लेअर केलं तर अर्थ होता की आर्ग्युमेंट किती ते सांगितलेलं नाही, काहीही द्या. आता अर्थ आहे एकही नाही. जुन्या लायब्रऱ्यांमध्ये कॉलबॅकचे (वेळ आली की लायब्ररीने बोलवायचं आपलं फंक्शन) पॉइंटर असे रिकाम्या कंसाचे भरपूर असतात, मग जीसीसी १५ ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स टू फंक्शन’ म्हणतो नाहीतर ‘इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप’ म्हणतो. उपाय सरळ आहे, कॉलबॅकला खरंच काय दिलं जातंय ते शोधून कंसात टाइप लिहा. दहा-वीस ठिकाणी लिहावं लागेल, पण लिहिताना हमखास एखादी जागा सापडते जिथे कॉलबॅक दोन आर्ग्युमेंटचा आणि दिलंय एकच.

ही लायब्ररी दुसऱ्याची असेल, तुम्हाला तिच्या आत हात घालायचा नसेल, तर मेकफाइलमध्ये -एसटीडी=जीएनयू१७ कायमचं लिहून ठेवणं हा प्रामाणिक उपाय आहे. तो कोड सी१७ च्या काळातल्या नियमांनी लिहिलाय एवढंच तुम्ही कंपायलरला सांगताय, कुठलीही चूक झाकत नाही.

वॉर्निंग होती ती एरर झाली

झाकाझाक होते ती इथे. २०२४ च्या जीसीसी १४ पासून काही जुन्या वॉर्निंग सरळ एरर झाल्या: डिक्लेअर न करता फंक्शन वापरणं, टाइप न लिहिता इंट गृहीत धरणं, पॉइंटर आणि इंट एकमेकांत टाकणं, न जुळणारे पॉइंटर एकमेकांना देणं. क्लँगने यातल्या पहिल्या दोन २०२३ मध्ये क्लँग १६ पासून एरर केल्या होत्या. म्हणून फेडोरा ४० किंवा डेबियन १३ वर गेलात की लगेच नडतं, त्यांच्यात जीसीसी १४ आहे.

‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ ही एरर सगळ्यात जास्त वेळा येते आणि ती का आली हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपायलरला फंक्शनचं डिक्लरेशन सापडलं नाही की जुना कंपायलर मनाने धरायचा की ते इंट परत देतं. समजा काटा_उघडा() हे फंक्शन पॉइंटर परत देतं आणि तुम्ही त्याचं हेडर इन्क्लूड करायला विसरलात. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर आठ बाइटचा, इंट चार बाइटचा. वरचे चार बाइट कापले जातात आणि उरलेला पॉइंटर भलतीकडेच बोट दाखवतो. ३२ बिटच्या जुन्या पीसीवर दोन्ही चार-चार बाइटचे होते म्हणून हाच कोड वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. ६४ बिटवर कधी क्रॅश होतो, कधी मेमरी खालच्या भागात मिळाली तर चालूनही जातो. म्हणजे जीसीसी १४ ने तुमची लायब्ररी मोडली नाही, मोडलेली जागा दाखवली.

आता ही एरर आली तर तीन गोष्टी क्रमाने बघा. फंक्शन लायब्ररीचंच आहे का? मग हेडर इन्क्लूड करायचं राहिलंय. सिस्टिमचं आहे का? मग त्याचं मॅन पेज उघडा, वरच कुठलं हेडर लागतं ते लिहिलेलं असतं. हेडर तर आहे पण तरीही एरर येतीय? मग मेकफाइलमध्ये -एसटीडी=सी९९ किंवा -एसटीडी=सी११ आहे का बघा. जीएनयूच्या जागी नुसतं सी लिहिलं की कंपायलर एकदम शुद्ध स्टँडर्डवर जातो आणि सिस्टिमची हेडरं स्टँडर्डबाहेरची फंक्शनं लपवून ठेवतात. स्ट्रडप, यूस्लीप ही त्यातलीच, आणि सिरीयल पोर्टच्या कोडमध्ये हमखास लागणारं सीएफमेकरॉ सुद्धा. सीआरटीएससीटीएस हा फ्लो कंट्रोलचा मॅक्रो पण त्याच कारणाने ‘अनडिक्लेअर्ड’ दिसतो. सी९९ चं जीएनयू९९ करा, नाहीतर फाइलच्या अगदी वर, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी, _डिफॉल्ट_सोर्स डिफाइन करा (सगळं मोठ्या अक्षरात). इन्क्लूडच्या नंतर डिफाइन केलं तर उपयोग होत नाही.

आज संध्याकाळी डेमो आहे आणि शंभर जागा दुरुस्त करायला वेळ नाही, तर जीसीसी १४ आणि पुढे सीसाठीही -एफपर्मिसिव्ह चालतो, या एरर परत वॉर्निंग होतात. एकेकटी सोडायची असेल तर -डब्ल्यूनो-एरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन, डब्ल्यू मोठा. पण लॉगमध्ये त्या वॉर्निंग दिसू द्या. नुसता -डब्ल्यू, लहान डब्ल्यूचा, लावून सगळ्याच वॉर्निंग बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, वर सांगितलेला पॉइंटर कापला जातोय हे सांगणारं मग कुणीच उरत नाही.

वेगळीच एक केस म्हणजे मेकफाइलमध्येच -डब्ल्यूएरर लिहिलेलं असणं (इथे आणि पुढच्या फ्लॅगमध्ये डब्ल्यू मोठा). त्याने प्रत्येक वॉर्निंग एरर होते. लेखकाने स्वतःच्या कंपायलरवर शून्य वॉर्निंग करून ठेवलेलं असतं, पण प्रत्येक नवं जीसीसी नव्या वॉर्निंग घेऊन येतं. उदाहरणार्थ स्विचमध्ये ब्रेक राहिला तर टोकणारी वॉर्निंग जीसीसी ७ मध्ये -डब्ल्यूएक्स्ट्रा खाली आली, स्ट्रिंग अर्धवट कॉपी होतीय म्हणणारी जीसीसी ८ मध्ये -डब्ल्यूऑल खाली. दुसऱ्याची लायब्ररी नुसती बिल्ड करायची असेल तर -डब्ल्यूएरर काढा किंवा शेवटी -डब्ल्यूनो-एरर जोडा, त्यात गैर काही नाही. मात्र वॉर्निंग एकदा वाचून घ्या.

लिंकर ओरडतोय

‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ डीबग_लेव्हल’ असं आलं, आणि जुन्या मशीनवर येत नव्हतं, तर जीसीसी १० चा बदल आहे. काटा.एच मध्ये कुणीतरी ‘इंट डीबग_लेव्हल;’ असं लिहिलेलं असतं, एक्स्टर्न न लावता. ते हेडर ज्या ज्या फाइलने इन्क्लूड केलं त्या प्रत्येकात तो व्हेरिएबल तयार होतो. आधी लिंकर ते सगळे मिळून एक करायचा, २०२० मधल्या जीसीसी १० पासून -एफनो-कॉमन डिफॉल्ट झालं आणि तो सरळ नकार देतो. हेडरमध्ये एक्स्टर्न लावा आणि फक्त एका .सी फाइलमध्ये खरा व्हेरिएबल ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. -एफकॉमन लावूनही एरर जाते, पण दोन फाइलींनी एकाच नावाचे पूर्ण वेगळे व्हेरिएबल ठेवले असतील तर ते पण गपचूप एक होतील.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतंय आणि ते फंक्शन इनलाइन म्हणून लिहिलेलं आहे, तर कोड फारच जुना आहे. जीएनयू८९ मध्ये इनलाइनचा अर्थ वेगळा होता. स्टॅटिक इनलाइन करा, बहुतेक वेळा सुटतं. आणि ‘रिकम्पाइल विथ -एफपीआयसी’ असं स्पष्ट लिहून आलं तर तेच करायचं, मेक क्लीन करून (पीआयसी मोठ्या अक्षरात).

कन्फिगर स्क्रिप्ट गप्प बसून चुकते

ही गोष्ट मला सगळ्यात धोकादायक वाटते कारण एररच येत नाही. कन्फिगर स्क्रिप्ट मशीनवर काय काय आहे हे छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून बघते. ते प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचे असतात, मेनच्या आधी इंट नाही, एक्झिट वापरलंय पण हेडर नाही. जीसीसी १४ वर तो टेस्ट प्रोग्रॅमच कंपाइल होत नाही, आणि स्क्रिप्ट ठरवते की हे फीचर मशीनवर नाही. लायब्ररी व्यवस्थित बिल्ड होते, फक्त आतून एक भाग गायब असतो. म्हणून दोन्ही मशीनवरचा ‘चेकिंग फॉर…’ वाला सगळा आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि डिफ कमांड मारून दोन्हीतला फरक बघा. जिथे एकीकडे येस आणि दुसरीकडे नो आहे, ते नाव कन्फिग.लॉगमध्ये शोधा, तिथे तो टेस्ट प्रोग्रॅम आणि त्याची एरर जशीच्या तशी असते. कन्फिगर.एसी फाइल असेल तर नवं ऑटोकॉन्फ टाकून ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवा, स्क्रिप्ट नव्याने बनते. टेस्ट प्रोग्रॅम लेखकाने हाताने लिहिलेला असेल तर तोच दुरुस्त करावा लागतो.

बिल्ड झालं, पण दुकानात चालत नाही

लॅपटॉपवर बनवलेली .एसओ दुकानात नेली आणि तिथे ‘व्हर्जन जीएलआयबीसी_२.३८ नॉट फाउंड’ आलं. आता अडचण कंपायलरची राहिली नाही, त्याच्या सोबतच्या सी लायब्ररीची, म्हणजे ग्लिबसीची आहे. उबुंटू २०.०४ वर ग्लिबसी २.३१, २२.०४ वर २.३५, २४.०४ वर २.३९. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही.

यात कंपायलरच्या व्हर्जनचा छुपा हात कसा असतो बघा. काट्याने पाठवलेल्या मजकुरातून आकडा काढायला तुम्ही स्ट्रटॉल किंवा एसस्कॅनएफ वापरलंय, हे तर चाळीस वर्षं जुनं फंक्शन, ते जुन्या मशीनवर नसेल कसं? पण सी२३ मध्ये या फंक्शननी ०बी ने सुरू होणारे बायनरी आकडे पण वाचायचे ठरलं, म्हणून ग्लिबसी २.३८ मध्ये त्यांची नवी रूपं आली, आणि सी२३ मोडमध्ये कंपाइल केलं की तुमचं स्ट्रटॉल गुपचूप त्या नव्या रूपाला जोडलं जातं. काय काय लागतंय ते ‘ऑब्जडम्प -टी लिबकाटा.एसओ | ग्रेप जीएलआयबीसी’ ने दिसतं, टी आणि जीएलआयबीसी मोठ्या अक्षरात. सगळ्यात मोठा नंबर दुकानातल्या मशीनपेक्षा मोठा असेल तर ती फाइल तिथे चालणार नाही.

-एसटीडी=जीएनयू१७ ने हा स्ट्रटॉलचा प्रश्न कधी कधी सुटतो (_जीएनयू_सोर्स, मोठ्या अक्षरातलं, डिफाइन केलेलं असेल तर नाही सुटत), पण पुढचा दुसरा कुठलातरी येईल. भरवशाचा मार्ग एकच, ज्या सगळ्यात जुन्या मशीनवर चालवायचंय त्याच सिस्टिममध्ये बिल्ड करायचं. त्यासाठी दुकानात जाऊन बसायची गरज नाही, तिथे दिवसभर सौदे चालू असतात, तोलाईची गडबड असते आणि मालकाला त्याचा पीसी लागतो. लॅपटॉपवर डॉकर (आपल्याच मशीनमध्ये दुसरी लिनक्स सिस्टिम वेगळी चालवणारं साधन) टाका, उबुंटू:२०.०४ ची इमेज घ्या, सोर्सचं फोल्डर आत जोडा आणि तिथे बिल्ड करा. उबुंटू २०.०४ चा साधा सपोर्ट २०२५ मध्ये संपलाय, तेव्हा मालकाला मशीन अपग्रेड करायचंही सुचवा, पण अपग्रेड होईपर्यंत काम थांबायला नको.

एकाच मशीनवर दोन कंपायलर ठेवता येतात हे पण लक्षात असू द्या. उबुंटू, डेबियनवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२’ अशासारखं, कुठली व्हर्जन मिळतात ते रिलीजवर अवलंबून, आणि मग ‘मेक सीसी=जीसीसी-१२’, पहिलं सीसी मोठ्या अक्षरात. अख्ख्या सिस्टिमचा डिफॉल्ट जीसीसी बदलू नका, एका लायब्ररीसाठी बाकीच्या दहा गोष्टी हलतात.

चालतंय, पण आकडे वेगळे येतायत

जुन्या कंपायलरने बनवलं तर वजन बरोबर, नव्याने बनवलं तर चूक, वॉर्निंग काही नाही. आधी -ओ० ने, म्हणजे कोड वेगवान करणारा ऑप्टिमायझर बंद ठेवून, बिल्ड करा, ओ मोठा आणि पुढे शून्य. त्याने बरोबर आलं आणि -ओ२ ने चुकलं तर लगेच “ऑप्टिमायझरमध्ये बग आहे” म्हणू नका, जवळजवळ नेहमी कोडमध्येच भाषेचा नियम मोडलेला असतो आणि नवा ऑप्टिमायझर त्या नियमावर जास्त भरवसा टाकतो. ‘-जी -एफसॅनिटाइज=ॲड्रेस,अनडिफाइन्ड’ लावून बिल्ड करा आणि खऱ्या काट्याचा डेटा त्यातून जाऊ द्या, बऱ्याच चुका ओळ नंबरसकट पकडल्या जातात.

सगळ्या नाही पकडल्या जात. सिरीयलच्या कोडमध्ये कॅरच्या बफरकडे इंटचा पॉइंटर करून चार बाइट एकदम वाचायची सवय असते, ती नियमात बसत नाही. -एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग लावून आकडे बरोबर आले तर हेच कारण समजा, आणि तिथे मेमसीपीवाय वापरा.

रास्पबेरी पाय (आर्म प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) वापरणाऱ्यांसाठी अजून एक. आर्मच्या लिनक्सवर कॅर हा अनसाइन्ड असतो, आपल्या पीसीवर साइन्ड. कॅरमध्ये -१ ठेवून पुढे -१ शी तुलना केली तर पायवर ती कधीच खरी होत नाही, आणि लोक कंपायलरच्या व्हर्जनला दोष देत बसतात. -एफसाइन्ड-कॅर लावून बघा, सुटलं तर तो व्हेरिएबल इंट करा.

अडलात तर विचारताना काय द्यायचं

सिनियरला, सरांना किंवा लायब्ररी लिहिणाऱ्याला विचारायला लाजू नका, पण मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. टेक्स्टमध्ये द्या: दोन्ही मशीनवरचा ‘जीसीसी --व्हर्जन’, ‘एलडीडी --व्हर्जन’ (त्यात ग्लिबसीचा नंबर दिसतो), ती फाइल कंपाइल करणारी पूर्ण कमांड, आणि पहिल्या एररपासूनच्या वीसेक ओळी. शक्य असेल तर कोड कापत कापत दहा-पंधरा ओळींवर आणा, तरीही तीच एरर येतीय का बघा, आणि तो तुकडा कंपायलर एक्सप्लोररवर टाका. तिथे ब्राउझरमध्येच जीसीसीची ढीगभर व्हर्जन निवडता येतात, कुठल्या व्हर्जनपासून एरर सुरू झाली हे पाच मिनिटांत कळतं. तो नंबर सापडला की जीसीसीच्या साइटवर त्या व्हर्जनचं ‘पोर्टिंग टू’ नावाचं पान उघडा, काय बदललं आणि कोडमध्ये काय करायचं हे तिथे उदाहरणासकट असतं.

आणि दुरुस्ती झाली की लायब्ररीच्या रीडमीमध्ये कुठल्या जीसीसीवर, कुठल्या ग्लिबसीवर आणि कुठल्या फ्लॅगनी बिल्ड करून बघितलं ते दोन ओळीत लिहा, मूळ लेखक सापडत असेल तर पॅच पाठवा. पुढच्या वर्षी तेच दुकान दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टला येईल, तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर जीसीसी १६ असेल.